ताटावरचा पंजा

पंगतीत दुसऱ्याला पोटभर जेवू न देणारा आणि तरीही सगळ्यांचा लाडका असा माणूस साऱ्या खानदेशात एकच, आमच्या शेजारचे सर. लोणखेड्याच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवतात. डोकं एवढं मोठं, की लग्नात मिळालेली मानाची टोपी त्यांना घालता येत नाही, डोक्यावर नुसती ठेवावी लागते. ती पडू नये म्हणून सर मान ताठ धरून मांडवभर फिरतात आणि नवे पाहुणे त्यांना फार तोऱ्याचे समजतात.

सरांचं दैवत म्हणजे पी-टेन नावाचं एन्झाइम. पेशीच्या पडद्यातल्या एका स्निग्ध रेणूला जादा फॉस्फेट चिकटला, की पेशीला ‘वाढ, वाढ’ असा आग्रह सुरू होतो. पी-टेन तो फॉस्फेट काढून घेतं. आग्रह थांबलाच नाही तर गाठी होतात, कधी कॅन्सर. हे आम्हा अडाण्यांना कळावं म्हणून पंगतीत वाढप्याचा आग्रह सुरू झाला, की सर शेजारी बसलेल्याच्या ताटावर पंजा पसरून ओरडतात, “बस! मी पी-टेन शे!” एकदा तो पंजा नवरदेवाच्या मामांच्या ताटावर पडला. मामा रुसून थेट गाडीत जाऊन बसले. समजूत काढायला सरांनाच त्यांच्या हातून मांडे खावे लागले. मामा वाढत होते आणि विचारत होते, “आते कोठे गया तुमना पी-टेन, सर?”

पण हे वेड उगाच नाही. सरांच्या घराण्यात मोठी डोकी चालत आली, तशा गाठीही. आत्या त्यातच गेली. सरांची थायरॉइडची गाठ वेळेत निघाली, तेव्हा कळलं की पी-टेनच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी त्यांची एक जन्मापासून बिघडलेली आहे; मोठं डोकं ही त्याचीच खूण. ती एकुलत्या एका मुलीकडे गेली असण्याची शक्यता निम्मी. मुलीचं रक्त तपासायला गेलं आणि पंगतीतला पंजा बंद पडला. सर मुलीच्या डोक्याकडे बघत राहायचे. आम्हाला ते बघवत नसे.

डॉक्टरांचा फोन आला तो भर पंगतीत. मुलीच्या दोन्ही प्रती धड होत्या! सर ताडकन उठले, टोपी आमरसात पडली. “वाढा रे, सगळासले वाढा!” स्वतःही मांड्यांवर मांडे घेत सुटले. शेवटी सरांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, डोळे पुसत त्यांच्या ताटावर हात ठेवला. सर हसून म्हणाले, “मन्हा खरा पी-टेन ते हाई शे.”

सरांची स्वतःची तपासणी मात्र दर वर्षी चालूच राहणार. परवा त्यासाठी सर आणि वहिनी सुरतेला गेले होते आणि इकडे गल्लीत लग्न होतं. मी मनसोक्त मांडे वाढून घेतले. ताटावर हात ठेवायला कुणी आलं नाही, आणि घास काही गोड लागेना.