‘तयार’चा रकाना

मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत नोकरी करते, पण रसायनांशी माझा संबंध नाही. मी आकडे सांभाळते. खाली प्लांटमधला ऑपरेटर टाकीची पातळी, तापमान असलं सगळं भरतो. शिफ्टच्या साहेबाला त्याचा तक्ता दिसतो, प्लांट मॅनेजरला आठवड्याचा आलेख, आणि मुंबईत बसलेल्या मालकांना नुसते रंग. हिरवा म्हणजे झोपा, पिवळा म्हणजे फोन करा, लाल म्हणजे गाडी काढा. माहिती एकच, पण माणूस जितका वरचा तितकी ती आटवून द्यायची, कारण त्याला निर्णय घ्यायचे असतात. हे आटवायचं काम माझं. स्वभावानं मी जन्माची काळजीखोर. गॅस बंद केला की नाही हे बघायला रोह्याच्या स्टेशनातून घरी परत फिरलेली बाई आहे मी, यावरून काय ते ओळखा.

माझं माहेर पेणजवळ जोह्याला. घरचा गणपतीचा कारखाना. आईवडील गेले, आता थोरला भाऊ कारखाना चालवतो. त्याला मी दादा म्हणते. कारागिरांवर लक्ष वहिनीचं. आणि आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं काम, काकांचं. काका वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. उजेडाच्या खिडकीपाशी त्यांची बैठक, मांडीवर फडकं, हातात बारीक ब्रश. श्वास रोखून ते एक रेघ ओढायचे आणि समोरची माती आपल्याकडे बघायला लागायची. त्या खिडकीखेरीज काकांचं या जगात दुसरं काही नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या हंगामाआधी दादा म्हणाला, “कंपनीचं करतेस एवढं, घरचं पण कर की!” मी खूश. मोबाइलवर चार रकाने करून दिले: कच्ची, वाळलेली, रंगलेली, तयार. एकेक मूर्ती पुढे सरकली की वहिनीनं ती पुढच्या रकान्यात टाकायची, आठवड्याला मी तपासायचं, आणि दादानं पेणच्या दुकानात बसून रंग बघायचे, ऑर्डरी घ्यायच्या की थांबवायच्या ते ठरवायचं. अगदी कंपनीसारखं. पूर्वी दादा रोज संध्याकाळी सगळ्या कारखान्यातून एक चक्कर मारायचा. आता फोनवर सगळं दिसल्यावर कशाला मारतोय! उंटावरून शेळ्या हाकायची सोय बहिणीनंच करून दिली होती.

पावसाचे दिवस मध्यावर आले आणि फोन लाल झाला. रंगलेल्या मूर्तींचा नुसता ढीग दिसत होता आणि ‘तयार’मध्ये जवळजवळ काही नाही. मी ऑफिसात होते. दादाचा फोन आला.

“बघितलंस? रंग होऊन पडल्यात. पुढं सरकतच नायत.”

“आखणीला अडकल्यात,” मी म्हटलं. आलेख तेच सांगत होता, कंपनीतही असा ढीग दिसला की पुढचं यंत्र अडकलंय असंच आम्ही धरतो.

दादा मग हळूच म्हणाला, “म्हंजे काकांचा हात चालत नाय आता.”

 काका थकलेत हे दिसत होतं, पण हात? त्या दिवशी मी काय काम केलं मला सांगता यायचं नाही. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरले, भात करपला. नवरा म्हणाला, “अगं, काकांचं वय झालं, चालायचंच.” मी त्याच्यावर खेकसले. चालायचंच कसलं डोंबलाचं! खिडकी गेली तर तो माणूस दिवसभर करणार काय?

दादानं वाट बघितली नाही. हंगाम कोणासाठी थांबत नाही, हेही खरंच. त्यानं बाहेरगावचा एक आखणीवाला आणला, चांगला माणूस, कामाला झपझप. काकांना त्यानं अगदी मऊ शब्दांत सांगितलं, “काका, पुष्कळ केलंत, आता आराम करा.” काकांनी ब्रश धुतला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि ते ओटीवर जाऊन बसले. हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती रडत होती.

रविवारी सकाळची गाडी धरून मी जोह्याला गेले. सगळ्या वाटेवर जीव टांगणीला. काकांसमोर काय बोलायचं याची चार वाक्यं जुळवली, चारही मोडली. ओटीवर काका होतेच. “काय गो, येळेवर आलीस. भाकर खाऊन घे,” म्हणाले. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

मी तडक आतल्या खोलीत गेले, आणि दारातच थबकले. खोली भरलेली! घरोघरच्या गिऱ्हाइकांनी आणून दिलेल्या पाटांवर, फळ्यांवर, भिंतीला लागून, सगळीकडे डोळे उघडलेले गणपती. सगळे काकांच्या हातचे. ती रेघ मी झोपेतही ओळखीन. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी मोजायला बोट उचललं आणि माझं बोट आपोआप खाली आलं.

आमच्या घरची रीत आहे. डोळे उघडले की तो माल नाही. त्याच्याकडे बोट करायचं नाही, त्याला मोजायचं नाही. लहानपणी मी एकदा मोजायला लागले तेव्हा आईनं हातावर चापट मारली होती: “देव मोजतेस व्हय गो?” बाकी गावात कोण काय पाळतं ठाऊक नाही, आमच्याकडे हे कोणी बोलूनही दाखवत नाही, इतकं ते अंगात मुरलंय.

“वहिनी,” मी हाक मारली, “या तू ‘तयार’मध्ये टाकल्याच नाहीस?”

ती पदराला हात पुसत आली. “कशा टाकू? डोळं उघडलेलं देव मालात धरू? सासूबायनीच शिकवलंय मला. गिऱ्हाइकानं घरी नेले की मग ‘तयार’मध्ये लावत होते.” मग तिच्या ध्यानात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. “अगो बाई! म्हंजे त्यापायी काकांना…?”

मी दादाला फोन लावला. आतली खोली काकांच्या गणपतींनी भरलीय, देव मोजू नकोस, बिनडोळ्यांच्या मोज आणि रंगलेल्यांतून वजा कर, एवढंच कसंबसं सांगितलं. दादा दुकान तसंच टाकून गाडीवर आला. नव्या माणसाची बैठक शेजारच्या पडवीत हलवली, आणि ओटीवर येऊन काकांच्या पायांशी बसला. “काका, चुकलं माझं. तुम्ही मागं नव्हतात. चला, बसा खिडकीत.”

काका उठले. मला इतका आनंद झाला की मी वेड्यासारखी हसत होते. वहिनीनं एक रंगलेली मूर्ती समोर ठेवली. काकांनी फडकं पसरलं, ब्रश ओला केला, श्वास रोखला आणि उजवा डोळा रेखला. तसाच, नेहमीचा.

डाव्याला ब्रश नेला आणि हात थरथरला. त्यांनी ब्रश खाली घेतला, बोटं चोळली, पुन्हा नेला. पुन्हा थरथर. आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत होतो, आणि आम्ही बघतोय हे त्यांना कळत होतं.

“ऱ्हाऊ दे आज,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी न रागावता, “तुझा फोन खोटा नव्हता गो. जरा आधी बोलला, इतकंच.”

ती मूर्ती वहिनीनं पांढऱ्या कापडानं झाकली. नवा माणूस डावा डोळा करायला तयार होता, काका नको म्हणाले, मी करीन. चवथ झाली, पाट घरोघर गेले, आतली खोली रिकामी झाली. मी अजून दर रविवारी जोह्याला जाते आणि चपला काढायच्या आधी फळीवरचं कापड बघते. काका रोज खिडकीत बसतात. ब्रश ओला करतात, वाळवतात. मला म्हणतात, “उद्या करतो.”

वहिनीनं एकदा विचारलं, ही कुठल्या रकान्यात टाकू?  एक मूर्ती इकडे की तिकडे, दादाच्या फोनवर काही फरक पडत नाही, तिथं सगळं हिरवं आहे. हिरवा म्हणजे झोपा. मला झोप येत नाही.