जाड अक्षरातलं नाव

उमरग्यात हायवेला लागून माझं फ्लेक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर फॉन्ट ढीगभर, पण गिऱ्हाईक पायरीवरूनच सांगतं, "जाड टाका, लांबून दिसलं पाहिजे." मग मी तो ठोकळा फॉन्ट काढतो. चौकोनी अक्षर, कोपरे तासलेले, शिरोरेघ घराच्या तुळईएवढी. 'ब'च्या पोटात नुसती फट उरते. दवाखाना असो, ट्रॅक्टरचं शोरूम असो, नाहीतर कुणाचा वाढदिवस, चालत्या ट्रकमधून वाचता येतं. खोड एकच, जागा लई खातो. चार नावांत बोर्ड भरतो.

पुतणीचं लग्न ठरलं, तेव्हा मांडवाचा बोर्ड अर्थातच माझ्याकडं आला. आई गेल्यावर मला वहिनीनं वाढवलं. तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी चहाचा कप पुढं ठेवून म्हणाली, "भावजी, माझंबी नाव घाला की, त्या जाड अक्षरात. आबांला बारीक दिसत न्हाय." आबा म्हणजे तिचे वडील. दिसेल तो बोर्ड मोठ्यानं वाचायची त्यांना हौस.

"हात्तिच्या! एवढंच व्हय?" मी म्हणालो. आणि घातलंही, पहिल्याच ओळीत, दादाच्या शेजारी.

छपाईच्या आधी ध्यानात आलं, चुलत्यांचं नाव राहिलंय. त्यांच्या नाकावर राग. नाव बारीक दिसलं असतं, तर मांडवातून उठून गेले असते. जागा तर तसूभर उरली नव्हती. मी वहिनीचं नाव उचलून तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात टाकलं आणि वर चुलत्यांना बसवलं. वहिनी घरचीच, ती कुठं रुसतेय! तिला विचारलंसुद्धा नाही. काय म्हणावं माझ्या अकलेला?

लग्नादिवशी आबा मांडवाच्या तोंडाशी उभं राहून एकेक नाव मोठ्यानं वाचत होते. आपलं नाव जाड अक्षरात आहे, हे वहिनीनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. जाड नावं संपली, तसे ते थांबले. "तुझं कुठंय गं?"

वहिनीनं बोर्डाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "असंल की खाली. चला, पंगत बसायलीय," म्हणाली आणि त्यांचा हात धरून आत घेऊन गेली. मी तिथंच लायटिंगची वायर तपासायचं सोंग करत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माफी मागायला मी चार दिवस लावले. ती म्हणाली, "जाऊ द्या हो. रुसणाऱ्यांचं आधी घालावं लागतंय." आवाजात राग असता, तर बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात पुतणीच्या बाळाचं बारसं झालं. बोर्ड करायला बसण्याआधी मी घरी जाऊन सांगितलं, "वहिनी, या वेळी तुमचं नाव सगळ्यात वर. सगळ्यात जाड."

ती बाळाची लंगोटी घडी घालत होती. हसली.

"टाका की, तुमची हौस. माझे आबा न्हाईत आता वाचायला."