लॅपटॉपची गादी

यासीनभाई पिंजारी यांनी चाळीस वर्षांत किती माणसांना सुखाची झोप दिली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. तरुणपणी खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून ते सांगलीतून निघायचे ते पार औंधापर्यंत गावोगाव फिरायचे. धनुकलीच्या ताणलेल्या दोरीचा, तातेचा आवाज ऐकला की बाया जुन्या गाद्या अंगणात आणून टाकायच्या. पुढं सांगलीतच खणभागातल्या घरात खाली पिंजायची मशीन बसली आणि वरच्या खोल्यांत संसार. मग फोमच्या गाद्या आल्या, गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, तरी गडी हटला नाही. फोमवर निजणाऱ्यांविषयी त्यांचं मत काही चांगलं नव्हतं. तो माणूस झोपत नाही, नुसता आडवा होतो, असं ते म्हणत.

अशा माणसाच्या पोटी सुमैरा जन्मली आणि तिनं पोटापाण्यासाठी व्हिडिओ गेम खेळायचा धंदा धरला. ऐकणाऱ्याला हसू यायचं, पण काम खरंच होतं. पुण्यातली एक कंपनी गेम बाजारात आणण्याआधी त्यातल्या चुका शोधायला माणसं नेमते. बाकीची पोरं जिंकायला खेळतात. सुमैरा प्रत्येक भिंतीला धडक देऊन बघायची, कुठून आरपार जाता येतंय का. रोज संध्याकाळी सहाच्या आत सापडलेल्या चुकांची यादी पाठवायची. तीन महिने परीक्षेचे. त्यात टिकली तर कायमची नोकरी, तीही घरी बसून. आई सहा वर्षांपूर्वी गेलेली, बाप एकटा, म्हणून हे घरी बसून काम करणं तिला सगळ्यात मोलाचं होतं. आणि त्याची सगळी मदार होती एका लॅपटॉपवर. चांगला जाडजूड, पाटीदप्तरापेक्षा जड, गेम सुरू झाला की आतले पंखे घोंगावायला लागायचे.

नेमका त्याच सुमाराला यासीनभाईंचा खोकला वाढला. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, सतरा तपासण्या केल्या आणि रिपोर्ट येईपर्यंत मशीन बंद ठेवायला सांगितलं. रिपोर्ट आणायला सुमैरा एकटीच गेली. तीन महिने आराम करा, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले, एवढंच तिनं घरी येऊन सांगितलं. यासीनभाईंनी मशीनवर जुनी चादर पांघरली आणि वर लेकीच्या खोलीत पलंगावर येऊन बसायला लागले. बडबड्या माणूस, पण त्या दिवसांत दहा शब्द बोलला तर खूप. हसणं तर बंदच झालं होतं.

बसल्या बसल्या त्यांची नजर लॅपटॉपवर जायची. घरातली सगळ्यात किमती वस्तू आणि ती उघड्या टेबलावर, नुसत्या लाकडावर! पिंजाऱ्याच्या घरात आलेला पाहुणासुद्धा कधी उघड्या फरशीवर बसला नव्हता. मग त्यांनी तोंडाला फडकं बांधलं, माळ्यावरची धनुकली काढली आणि पसाभर कापूस निवडून दोनदा पिंजला. एका नवरीच्या गादीतून उरलेलं तांबडं मखमली कापड होतं, त्याचा अभ्रा केला. दाभणानं बारीक टाके घातले, चारी कोपरे बोटांनी चेपून सारखे केले. दुसऱ्या दिवशी ती वीतभर रुंदीची, दोन विती लांबीची गादी त्यांनी सुमैराच्या पुढ्यात ठेवली.

सुमैरा गादीकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिनं लॅपटॉप उचलून अलगद तिच्यावर ठेवला. बरी झालीय का, असं यासीनभाईंनी विचारलं, तेव्हा लय मऊ झालीय, असं ती म्हणाली. यासीनभाई हसले. कितीतरी दिवसांनी.

त्या दिवसापासून लॅपटॉपची उस्तवार हेच त्यांचं काम झालं. सकाळी मलमलीच्या फडक्यानं पुसायचं, जवळपास चहाचा कप येऊ द्यायचा नाही, खिडकीतून ऊन आलं की पडदा ओढायचा. दिवसभर शेजारी बसून ते गेममधले बर्फाचे डोंगर बघायचे. नमाजाला मशिदीत जाऊन येतील तेवढाच काय तो खाडा.

तातेच्या आवाजावरून कापसाची जात ओळखणारा कान त्यांचा. महिन्याभरानं पंख्यांचा सूर चढल्याचं सगळ्यात आधी त्यांच्याच ध्यानात आलं. दमतंय बिचारं, असं ते म्हणाले. हात लावून पाहिला तर बूड चटका देत होतं. आता गादी बसली की ती गरम होते, हे कुठल्याही पिंजाऱ्याला ठाऊक असतं. त्यावर इलाज एकच, कापूस काढायचा, पुन्हा पिंजायचा आणि भरायचा. तो त्यांनी केला. वर मूठभर नवा कापूसही घातला. गादी पहिल्यापेक्षा फुगली आणि लॅपटॉप तिच्यात आणखी रुतून बसला.

परीक्षेचा शेवटचा आठवडा आला, तसा लॅपटॉप मध्येच बंद पडायला लागला. थोडा निवला की चालू व्हायचा. शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र जळका वास आला आणि पडदा काळा झाला तो झालाच. त्या दिवसाची यादी आतच अडकली. सुमैरा कंपनीला फोन लावत बसली. यासीनभाईंनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, छातीशी धरला आणि वडापच्या, माणसं भरली की सुटणाऱ्या रिक्षानं विश्रामबागेत अमृतच्या दुकानी नेला.

अमृत जतकडच्या मेंढपाळाच्या घरातला. संगणक दुरुस्तीत त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. त्यानं खालचं झाकण उघडलं आणि चिमट्यानं आतून काहीतरी ओढून काढलं. पंख्याच्या पात्यांवर कापसाची बारीक लव दबून बसली होती, घोंगडीच्या तुकड्यासारखी. यासीनभाईंनी ती बोटात धरली. कापूस आपल्याच हातचा आहे, हे सांगायला त्यांना दुसरं कुणी लागलं नाही.

हे यंत्र बुडाच्या जाळीतून हवा ओढतं, अमृतनं समजावलं. मऊ जागी ठेवलं की जाळी बंद होते, आत भट्टी पेटते. आता मेन बोर्डच जळलाय, आठ दिवस तरी लागतील.

"पोरीला कुठलं ठावं असणार रं हे," यासीनभाई म्हणाले. "मीच गादी करून दिली."

अमृतनं चिमटा खाली ठेवला. "आवं चाचा, तिला म्या महिन्यामागंच सांगितलं हुतं. साफ कराय आली हुती तवा. माझ्याकडनं लोखंडी स्टँडबी घिऊन गेली."

यासीनभाईंनी तसला स्टँड घरात कधी पाहिला नव्हता. परतीच्या रिक्षात त्यांना एकेक उलगडत गेलं. नमाजाहून येताना जिन्यात खोकला आला की वर पलंगाच्या बाजूला काहीतरी लोखंडी सरकल्याचा आवाज व्हायचा. आपण खोलीत पाऊल टाकायचो तेव्हा लॅपटॉप गादीवरच असायचा. दिवसाचे पाच फेरे सोडले, तर उरलेला सगळा वेळ आपण त्या पोरीच्या शेजारी बसून तिचा लॅपटॉप जाळत होतो. 

घरी सुमैरा फोन मांडीवर ठेवून बसली होती. कंपनीनं एक दिवस थांबायला नकार दिला होता. तिच्या जागी दुसरं नाव घेतलं होतं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा म्हणाले होते. यासीनभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ते वाकले, पलंगाखाली हात घातला आणि ट्रंकेमागं चाचपून लपवलेला स्टँड काढून टेबलावर ठेवला. त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

"तुला ठावं हुतं."

"व्हय."

"मग तोंडानं बोलली का न्हाईस? मी काय ल्हान प्वार हाय, खेळणं काढून घेतलं की रडाय? माझ्यापायी सोन्यासारखी नोकरी घालवलीस." त्यांना खोकल्याची उबळ आली. सुमैरानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. "आजपास्नं माझ्याशी खरं बोलायचं. कितीबी वंगाळ असू दे, मी ऐकीन."

सुमैरानं तांब्या खाली ठेवला.

"मग ऐका, अब्बा. मशीन आता चालू करायची न्हाई. तीन महिन्यांनीबी न्हाई, कवाच न्हाई. तुमची छाती निम्मी गेलीया. धनुकलीलाबी हात लावू द्यू नका म्हणाले हुते डॉक्टर. मला सांगाय जमलं न्हाई."

यासीनभाई पलंगावर बसले. खालून, चादरीखालच्या मशीनच्या बाजूनं, काहीच आवाज येत नव्हता.

"कवा म्हणाले?"

"रिपोर्ट आणलं तवाच. तुमी गादी दिली, त्याच्या कितीतरी आधी."

यासीनभाईंनी टेबलावरची गादी उचलून मांडीवर घेतली. आपल्या हातची ही शेवटची गादी, हे त्यांना आज कळत होतं. पोरीला मात्र गादी घेतानाच ते माहीत होतं.