लॅपटॉप वहिनींना हवाय

स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर ऐन लग्नसराईत बंद पडला. दुरुस्तीवाला आला, डबा उघडला, फुंकर मारली आणि पुन्हा बंद केला. "ताई, याच्यात आता काही राहिलं नाही," म्हणाला. श्रीरामपूरमधला हा स्टुडिओ माझ्या वडिलांनी सुरू केला. ते गेल्यावर मी चालवायला घेतला, त्याला बरीच वर्षं झाली. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, आणि घरातलं माणूस गेलं की भिंतीवर लावायचा मोठा फोटो. फोटो मी काढते, एडिटिंगही मीच करते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात हे कुणाच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

या वेळी लॅपटॉप घ्यायचा ठरवला. स्टुडिओतलं काम होईल, घरीही नेता येईल. मुलीचा अभ्यास, नवऱ्याच्या शाळेचे तक्ते, ऑनलाइन फॉर्म, सगळं त्याच्यावरच. बजेट बेताचं होतं म्हणून महिनाभर चौकशी केली, व्हिडिओ पाहिले, वहीत लिहून काढलं. रॅम सोळा जीबी. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. भारी ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालेल, पण स्क्रीन रंग खरे दाखवणारा हवा. या शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये बाकी सगळं देतात आणि हात आखडतात तो नेमका स्क्रीनवर, हे मला कळून चुकलं होतं. आयपीएस नावाच्या प्रकारचा स्क्रीन असला तर बाजूने पाहिलं तरी रंग बदलत नाहीत, हेही वाचलं होतं.

"एकटी कुठं जातेस नगरला? धाकट्याला घेऊन जा. त्याला त्यातलं कळतं," सासूबाई म्हणाल्या.

धाकटा म्हणजे माझे दीर, जवळच वेगळे राहतात. साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर वजनाच्या पावत्या काढतात. तेवढ्यावर ते आमच्या घरातले कॉम्प्युटरचे जाणकार. मी दिवसाचे सात-आठ तास माणसांचे चेहरे स्क्रीनवर दुरुस्त करत बसते, ते मात्र नुसतं 'फोटोचं काम'. मी काही बोलले नाही. त्या न बोलण्याचा राग मला अजून येतो.

नगरच्या सावेडी भागातलं ते दुकान मोठं होतं, काचेचं, एसी लावलेलं. सेल्समन पुढे आला आणि त्याने दिरांशी हात मिळवला.

"बोला सर."

"लॅपटॉप वहिनींना हवाय," दीर म्हणाले.

"अच्छा. मॅडम घरीच असतात का, सर?"

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते.

"माझा फोटो स्टुडिओ आहे," मी म्हणाले. "फोटो एडिटिंगला हवाय, आणि बाकी घरची रोजची कामं."

"मग हा बघा सर," तो दिरांकडे वळून म्हणाला. "लेटेस्ट प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, फुल एचडी. फोटो एकदम मस्त दिसणार."

"स्क्रीन आयपीएस आहे का?"

तो हसला. "आयपीएस? मॅडम, ते पोलिसांत असतात."

दीर हसले. बिल करणारा माणूसही हसला. मी पर्समधून मेमरी कार्ड काढलं. त्यात माझे स्वतःचे फोटो होते, ज्यांच्या प्रिंट मी अनेकदा काढल्या होत्या, ज्यांचा रंग न् रंग मला पाठ होता. "हे लावून दाखवा," म्हटलं.

"बाहेरचं कार्ड नाही लावता येत मॅडम, व्हायरस येतो. हा व्हिडिओ बघा ना."

दुकानातल्या सगळ्या लॅपटॉपवर एकच व्हिडिओ चालू होता. पोपट, फुगे, निळंशार पाणी. असल्या भडक रंगांत कुठला स्क्रीन चांगला दिसणार नाही? मला माणसाची कातडी बघायची होती. मी स्क्रीन मागे कलवून बघायला हात पुढे केला, तर सेल्समन म्हणाला, "मॅडम, बिजागरी नाजूक असते." आणि दीर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, आता बास करा. लोक बघतायत. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

वहीतल्या त्या दोन रेघा पर्समध्येच राहिल्या. मी तो लॅपटॉप घेतला. वर पिशवी फुकट मिळाली, म्हणून दीर रस्ताभर खूष होते.

लॅपटॉप पळायला चांगला होता. फाइल पटकन उघडायची, लग्नाचे शेकडो फोटो अडकत नव्हते. पासपोर्ट फोटो माझ्या छोट्या प्रिंटरवर निघत. ते थोडे तांबूस वाटायचे, पण मी शाईला दोष दिला. जरा मान हलवली की स्क्रीनवरचा चेहरा उजळायचा, परत हलवली की काळवंडायचा. नवीन आहे, सवय होईल, असं मी स्वतःला समजावत राहिले. खरं म्हणजे मला कबूल करायचं नव्हतं.

त्याच सुमारास एक बाई स्टुडिओत आल्या. माझ्याच वयाच्या, शेतात राबून हात खरखरीत झालेल्या. त्यांची आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं आणि वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो लावायचा होता. आईचा वेगळा असा फोटोच नव्हता. कुणाच्या तरी लग्नात मोबाईलवर काढलेला एक घोळक्याचा फोटो होता. त्यात कडेला, उन्हानं डोळे बारीक करून, हिरवं लुगडं नेसलेली म्हातारी उभी.

"एवढाच हाय बघा ताई," त्या म्हणाल्या. "हुईल का यातनं?"

"होईल," मी म्हणाले.

तीन दिवस मी त्या एका चेहऱ्यावर बसले. शेजारचा माणूस काढला, मागची खुर्ची काढली, कपाळावरची सावली हलकी केली. चेहरा मला स्क्रीनवर निळसर, फिकट दिसत होता, म्हणून त्यात ऊब भरली. पुन्हा फिकट वाटला, आणखी भरली. मोठी प्रिंट माझ्याकडे निघत नाही, म्हणून फाइल नगरच्या लॅबला पाठवली. फोटो तिथूनच फ्रेम होऊन, पॅक होऊन आला. बाई त्याच दिवशी न्यायला आल्या, आणि पॅकिंग मी त्यांच्यासमोरच फाडलं. आधी एकटीनं उघडून बघायला हवं होतं.

फ्रेममधली म्हातारी विटेच्या रंगाची होती. ताप चढल्यासारखे लाल गाल. आणि लुगडं वाळल्या शेवाळासारखं, ना हिरवं ना तपकिरी.

बाईंनी फ्रेम जवळ ओढली. मग हळूच म्हणाल्या, "ताई, ही माझी आई न्हाई."

मी फ्रेम उजेडाकडे वळवली.

"आई सावळी व्हती, पर अशी न्हवती. अन् लुगडं हिरवं व्हतं वो. मीच घेतलं व्हतं तिला."

त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "दुसरा करून देते, वर्षश्राद्धाच्या आत देते," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पदरानं डोळे पुसत पायऱ्या उतरल्या.

मी लॅबला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "ताई, फाइलच लाल आली होती. मला वाटलं तुम्हाला तशीच हवी असेल." मग मी फ्रेम, मोबाईलमधला मूळ फोटो आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. मोबाईलमध्ये लुगडं हिरवं. लॅपटॉपवर ते माझ्या मानेप्रमाणे रंग बदलत होतं. सरळ बसलं की एक, पाठ टेकली की दुसरं. मी स्क्रीनचा खोटा निळा रंग दुरुस्त करायला खऱ्या फोटोत लाल ओतत बसले होते. इतक्या वर्षांत माझ्या हातून कुणाचा चेहरा असा गेला नव्हता. त्या सेल्समनवर संताप, दिरांवर संताप, आणि सगळ्यात जास्त दुकानात ऐन वेळी गप्प बसलेल्या स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी एसटीनं एकटीच नगरला गेले. लॅपटॉप काखेत, ती फ्रेम पिशवीत.

तोच सेल्समन होता. "सर नाही आले?" त्यानं विचारलं.

"सर लॅपटॉप वापरत नाहीत. मी वापरते. मालकांना बोलवा."

मालक साठीचे, सभ्य बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, वापरलेला माल परत होत नाही. बिलावर लिहिलंय. आणि घरच्या वापराला हा मॉडेल उत्तम आहे."

"मी नुसता घरचा वापर सांगितला नव्हता. आधी फोटो एडिटिंग सांगितलं होतं. स्क्रीन कुठला आहे विचारलं, तर तुमच्या माणसानं पोलिसांचा विनोद केला. कार्ड लावू दिलं नाही. हात लावू दिला नाही."

"गैरसमज झाला असेल."

मी फ्रेम काउंटरवर ठेवली. "हा गैरसमज बघा. हिच्या मुलीनं ओळखली नाही हिला."

मालकांनी फोटोकडे नीट पाहिलंही नाही. "आवाज जरा कमी करा ताई. गिऱ्हाईक आहे दुकानात."

तेव्हा माझा तोल गेला. आयुष्यात मी कुठल्या दुकानात ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. म्हटलं, तुम्हाला माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यात लाज नाही. पण विचारणारी बाई आहे म्हणून हसता, आणि तिच्यासोबत आलेल्या माणसाला माल विकता. त्याला कळत नाही हे तुम्हाला त्याच्या तोंडावरूनच कळलं होतं, म्हणूनच विकता.

गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजात जाणारी एक मुलगी आणि तिचे वडील. ते थबकून ऐकत होते. मुलीच्या समोर माझ्यासारखाच लॅपटॉप उघडा होता.

"तू काय शिकतेस?" मी तिला विचारलं.

"डिझाइन."

"मग तो स्क्रीन मागे कलव. घाबरू नको, बिजागरी मोडत नाही."

तिनं कलवला. पोपट आधी पांढरा पडला, मग पार उलटाच दिसायला लागला, जुन्या फिल्मच्या निगेटिव्हसारखा. "पप्पा, हे बघा," ती म्हणाली. वडिलांनी वाकून पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि मुलीला म्हणाले, "चल." दोघं काच ढकलून बाहेर पडले.

मालकांनी लॅपटॉप परत घेतला नाही. जाताना मला एक माऊस फुकट देऊ केला. मी तो काउंटरवरच ठेवला. बाहेर आले तेव्हा घसा बसला होता.

संध्याकाळी घरी दीर आले होते. त्यांना सगळं समजलं होतं. "मला काय माहीत असलं होईल?" ते म्हणाले. "तुम्ही तिथंच ठणकावून बोलायचं ना वहिनी."

"मी बोलत होते भाऊजी. तुम्ही हसत होता."

सासूबाई मधे पडायला आल्या आणि थांबल्या. दीर चहा अर्धा ठेवून उठले. आठ-दहा दिवस त्यांनी घरी येणं टाळलं. मीही बोलावलं नाही.

लॅपटॉपचं पुढे काय करायचं हे मला लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं. "मशीन वाईट नाही, नुसता स्क्रीन वाईट आहे. त्याला चांगला मॉनिटर जोडा आणि रंगाचं काम त्याच्यावरच करा." एवढी साधी गोष्ट. मी श्रीरामपुरातच एका छोट्या दुकानात गेले. तिथला दुकानदार जुने, तपासलेले मॉनिटर विकायचा. या वेळी माझं कार्ड आणि त्याच फोटोंच्या प्रिंट हातात घेऊनच आत शिरले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. दुकानदारानं खुर्ची दिली, कार्ड लावलं आणि म्हणाला, "बघा निवांत." चार मॉनिटर पाहिले. चौथ्यावर माझा फोटो माझ्या प्रिंटसारखा दिसला, समोरून आणि बाजूनंही. खर्च वाढला तो वाढलाच. सावेडीत मला नीट उत्तर मिळालं असतं तर तो झाला नसता.

म्हातारीचा चेहरा मी पहिल्यापासून पुन्हा केला. आधी छोटी प्रिंट काढून उन्हात धरून पाहिली, मगच फाइल लॅबला पाठवली. फ्रेम द्यायला स्वतः बाईंच्या वस्तीवर गेले. बाईंनी फोटो मांडीवर घेतला, पदरानं काच पुसली.

"हां," म्हणाल्या. "अशीच बघायची ती. ऊन लागलं की." मग मला म्हणाल्या, "चा टाकते, बसा." पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी जबरदस्तीनं शेंगांची पिशवी दिली.

राग गेला का, असं नवरा मधूनमधून विचारतो. नाही गेला. परवाच शेजारचे एक गृहस्थ घरी आले. मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय, म्हणाले, आणि नवऱ्याला विचारलं, "सर, कुठला घ्यावा?" नवऱ्यानं स्वयंपाकघरात माझ्याकडे बोट दाखवलं. ते गृहस्थ हसले. त्यांना थट्टा वाटली. मी कणीक मळत होते. हात तसेच घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "मुलीला पाठवा. तिला काय काम करायचंय ते तिलाच विचारते."