शेंदराखालचा बाण

दुपारी बिरड्याचे वाल निम्मे सोलून झाले होते. ओठांत जप, बोटांत साल, तेवढ्यात खाली नाक्यावर धाडकन आवाज झाला. पाठोपाठ किंकाळी. परात तशीच टाकून धावले.

दिंडोशीला आमच्या कॉलनीच्या गेटसमोरच्या सिग्नलला डावी रांग फक्त डावीकडे वळणाऱ्यांची. ते सांगणारा रस्त्यावरचा बाण झिजत गेला. नवखा माणूस सरळ जायला तिथेच उभा राहतो. मोठ्या गाड्या शेजारच्या रांगेतून वळण घेतात. त्यांना वाटतं, हाही आपल्याबरोबर वळणार. वर्षात तिसरा अपघात हा. पोराचं नाव हर्षद. बाईक टँकरच्या चाकाखाली, गुडघ्याखाली पायाच्या चिंधड्या, रक्त गटाराच्या जाळीपर्यंत गेलेलं.

त्याला रिक्षात घातला, आणि जमाव टँकरवाल्यावर तुटून पडला. कॉलर धरून खाली ओढला. लाथा, बेल्ट, एकाच्या हातात पेव्हर ब्लॉक. "ठेचा साल्याला!"

मध्ये घुसले ते दत्ताराम पेडणेकर. आमच्याच बिल्डिंगमधले. एकतीस वर्षं बस चालवली, कुणाला ओरखडा नाही. ड्युटीवर चढताना स्टिअरिंगला हात लावून छातीला लावायचे. बायको गेल्यापासून बोलणं कमी. रिटायर झाले तरी रोज सकाळी आठला शिट्टी घेऊन या नाक्यावर उभे, कारण त्यांची सई त्याच वेळी स्कूटरने इथून मालाडला जाते.

"बाबा, लाज आणता हां," ती म्हणते.

"तू मधल्या रांगेन जा. लाज मगे बघू."

आज ते टँकरवाल्यावर आडवे पडले.

"ए म्हाताऱ्या, बाजूला हो, नाहीतर तू पण खाशील!"

"खातंय. आधी बाण खंय आसा तो माका दाखवा!"

ब्लॉक त्यांच्या कपाळावर बसला. कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी हलले नाहीत. "दाखवा मरे! त्या पोरान काय बघून रांग बदलूची होती?"

दोघेतिघे वाकले. रस्त्यावर तेल-शेंदराचा बोटभर थर, नारळाच्या फुटक्या करवंट्या, सुकलेली लिंबं. बाण कुठेच नाही. मारणारे हात खाली आले. तेवढ्यात पोलिसांनी टँकरवाल्याला जिवंत उचलला.

दत्ताराम तिथेच बसले होते. "वहिनी, हे नारळ कोणाचे?"

माझे. पहिला माणूस गेला तेव्हा मीच म्हटलं होतं, जागेवाल्याला, त्या जागेच्या राखणदाराला, मान द्यायला हवा. गावाला आम्ही देतोच. दर अमावास्येला नारळ, लिंबू, तेल-शेंदूर. आधी फुटपाथच्या कडेला ठेवायचो. मग बायका म्हणाल्या, रक्त सांडलं तिथेच वाहू या. झिजून झिजून जो काही बाण उरला होता तो आम्ही झाकला, हात जोडून.

"हयसर जागेवालो नाय, वहिनी," ते म्हणाले. "हयसर बाण होतो."

मी करवंट्या पदरात गोळा केल्या. देवाची क्षमा मागितली. हर्षदची कुठल्या तोंडाने मागू?

दत्तारामना सात टाके पडले. संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून बाणाचा साचा कापत बसले होते, सई पुठ्ठा धरून. "सरळ काप, बाबा, हा बाण आहे की बांगडा?" म्हणत होती आणि रडत होती. उद्याही ती आठलाच निघणार, सुट्टी नाही. हवालदार म्हणाला, रंगवायला पहाटे पाच ते सात रांग अडवून देतो. शेंदूर सोड्याने घासून काढायचं आम्ही बायकांनी कबूल केलंय. आम्हीच ओतला होता.

हर्षदचा पाय कापला. जीव आहे.

वाल अजून परातीतच आहेत. हार्डवेअरवाला रात्री आठला शटर ओढतो. मी रस्त्याच्या पांढऱ्या रंगाचा डबा आणायला निघालेय.