साहेबांचे शर्ट, काकूंची जीभ

इस्त्रीकाकूंची जीभ त्यांच्या इस्त्रीपेक्षा गरम, असं गल्लीत सगळेच म्हणत, आणि काकूंनाही ते मान्य होतं. त्यांची लॉन्ड्री म्हणजे एक लांब टेबल, वर पाइपाला टांगलेले कपडे, वाफेचा वास आणि कोपऱ्यात कायम बडबडणारा रेडिओ. नवऱ्यामागे दुकान त्यांनी एकटीनं चालवलं. नवऱ्याकडून आलेली दुसरी इस्टेट म्हणजे फुटबॉल क्लबाचं वेड. क्लब बहुधा हरायचा, त्यामुळे दुकानात विषयाची कधी टंचाई पडली नाही.

वाद घालायला दोघं ठरलेले होते. एक बस ड्रायव्हर. त्याचा गणवेश इस्त्रीला असो नसो, तो यायचाच. दुसरा समोरचा चष्मेवाला. त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी आणि वेळ भरपूर. विषय क्लबाचे जनरल मॅनेजर. मैदानावर शिकवणारा कोच वेगळा, पण कुठला खेळाडू घ्यायचा आणि कुठला विकायचा हे सगळं या साहेबांच्या हातात. त्यांनी संघातला डावखुरा विकला. त्याच्या पायात चेंडू आला की काकूंची इस्त्री हातातच थांबायची. तो गेल्यापासून काकू साहेबांच्या नावानं बोटं मोडत होत्या. या माणसाला घरी बसवा, हे त्यांचं पालुपद. चष्मेवाला साहेबांची बाजू मांडून मांडून थकला, पण काकू ऐकतील तर शपथ.

गंमत अशी, की हे बोलताना काकूंच्या हाताखाली बहुतेक वेळा त्याच साहेबांचे पांढरे शर्ट असत. कारण साहेब म्हणजे सिस्टरचा मुलगा. पलीकडच्या गल्लीतली ही निवृत्त नर्स. नोकरी संपली तरी सगळ्यांची सिस्टरच राहिली. काकूंची ती शाळेपासूनची मैत्रीण. दर शनिवारी मुलाचे शर्ट घेऊन यायची आणि स्टुलावर टेकून तासभर गप्पा मारायची. ती दारात दिसली की बस ड्रायव्हर खोकायचा आणि गाडी रेफरीवर वळायची. रेफरीला शिव्या घातल्या तर कोणाच्याच आईला वाईट वाटत नाही, असा त्यांचा समज होता. काकू मात्र साहेबांच्या कॉलरवर जरा जास्तच दाब देऊन इस्त्री फिरवायच्या. रागाचा राग निघायचा, आणि कॉलर अशी कडक बसायची की क्लबात साहेबांइतकं टापटीप कोणी दिसत नसे.

एका शनिवारी बस ड्रायव्हर दाराकडे पाठ करून बसला होता. आदल्या सामन्यात क्लबानं सपाटून मार खाल्लेला, त्यामुळे काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटला होता.

"ह्याला लहानपणी आईनं दोन ठेवून दिल्या असत्या ना, तर आज ही पाळी आली नसती," काकू म्हणाल्या आणि मान वर करून बघतात तर दारात सिस्टर.

सिस्टरनं पिशवी टेबलावर ठेवली, आज जरा घाई आहे म्हणाली आणि गेली. तिनं ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. आयुष्यभर पेशंटसमोर चेहरा कोरा ठेवलेली बाई ती.

त्याच आठवड्यात रेडिओवर बातमी आली. क्लबानं जनरल मॅनेजरला काढून टाकलं. बस ड्रायव्हरनं टेबलावर थाप मारली आणि काकूंचं अभिनंदन केलं. चष्मेवाला चिडला. त्याचं म्हणणं, विकायला लावलं मालकांनी आणि बळीचा बकरा केला याला. ड्रायव्हर म्हणाला, मालकांपुढे मान डोलावणाराही तितकाच दोषी. दोघांची चांगलीच जुंपली. निकाल द्यायला दोघांनी काकूंकडे पाहिलं, तर काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलेलं.

"असं मधेच काढतात का कोणाला?" त्या म्हणाल्या. "काही रीतभात?"

ड्रायव्हरनं आ वासला. त्यानं आठवण करून दिली, की वर्षभर काढा काढा म्हणून ओरडणाऱ्या त्याच होत्या. काकू उसळल्या. माझं ऐकून क्लब चालवायला लागले तर झालंच कल्याण, म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी सिस्टर आली नाही. तिनं ठेवून गेलेले शर्ट घडी घालून तयार होते. बाहेर कोणाचं पाऊल वाजलं की काकू दाराकडे बघत होत्या. क्लब हरला तर दोन दिवस जेवण गोड लागत नाही, पण ते मागे पडतं. हे मागे पडणारं नव्हतं. नवरा गेला तेव्हा रोज येऊन काही न बोलता शेजारी बसणारी ती एकटीच होती, आणि तिच्याच आईपणावर आपण बोट ठेवलं. या विचारानं काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी त्यांनी दुकान लवकर बंद केलं, शर्ट काखेत मारले आणि वाटभर माफीची वाक्यं जुळवत निघाल्या.

दार सिस्टरनंच उघडलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. आत ये म्हणाली, आणि हळूच सांगितलं, की तो बोलतच नाही. पुढ्यात ठेवलं तर खातो, विचारलं तर मान हलवतो, बास.

साहेब खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली, अंगात जुना स्वेटर. काकूंनी शर्ट टेबलावर ठेवले. साहेबांनी त्या कडक कॉलरींकडे एकदा पाहिलं.

"आता काय करायचेत ते," ते म्हणाले.

काकूंची माफी ओठांवर आली होती. पण जिभेला वळण लावायचं ते या वयात कोण लावणार?

"डावखुऱ्याला विकलंस तेव्हा विचारायचं होतंस हे स्वतःला," त्या बोलून गेल्या.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं काकूंना झालं.

"दुसऱ्या हाफला तो धावतच नव्हता, काकू," साहेब म्हणाले.

"धावून करणार काय? त्याला चेंडू द्यायला होतं कोण? मधल्या फळीत तू नुसते ठोकळे उभे केलेस."

"ठोकळे?" साहेबांनी खुर्ची मागे सारली. टेबलावरच्या कपबश्या ओढून त्यांनी मधली फळी मांडली, साखरेचा डबा गोलजवळ ठेवला आणि काकूंनी चमचा चुकीच्या जागी ठेवला म्हणून आवाज चढवला. काकूंनी बशी सरकवली. साहेबांनी ती परत जागेवर आणली. ठोकळा कोणाला म्हणता, त्यानं मोडलेल्या बोटानिशी आख्खा सामना काढला होता, असं ते तावातावानं सांगत होते.

मग काकूंना एकदम आठवलं, आपण कशाला आलो होतो. त्या गोऱ्यामोऱ्या होऊन मागे वळल्या. सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती आणि तिचे डोळे वाहत होते. काकू काही म्हणणार, तेवढ्यात तिनं पुढे येऊन त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"ऐकलं होतं मी त्या दिवशी," ती म्हणाली. "लागलंही होतं. ते तुला मी नंतर सुनावणार आहे. आत्ता थांबू नकोस. भांड त्याच्याशी."