डोळ्याखाली भोवरा असलेली घोडी

खोगीर उन्हात टाकलं, की घामट लोकरीचा वास अंगणभर पसरतो आणि मला सोनारी गावाजवळची घोडेवाल्याची ती वस्ती आठवते. वडिलांचे गुडघे गेले होते, शेताची वाट ओढ्यातून होती, आणि रान पाहिल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. म्हणून बेताच्या पैशांत एखादी गरीब घोडी मिळेल का, हे बघायला आम्ही तिघं तिथं गेलो होतो. घोडी वयस्क, पांढरी आणि शांत होती, पण तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. अशी घोडी मालकाच्या जिवावर उठते असं मानतात, आणि म्हणूनच ती आम्हाला परवडत होती. “फुकट दिली तरी नको,” आई म्हणाली. वडील हसले, “तुझ्या गालावरचा तीळ बघून माझी आत्या बी असंच म्हणली हुती.” ते ओट्यावरून चढायला गेले, रिकिबीत पाय टाकला आणि गुडघ्यानं दगा दिला. ते अर्धवट लोंबकळले. मी धावलो; घोडीनं कान मागं केले, पाय रोवले, आणि आम्ही त्यांना नीट बसवेपर्यंत ती हलली नाही. आई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली, मग घोडेवाल्याला म्हणाली, “दाणा काय खाती ही?” वडील गेल्या महिन्यात गेले. भेटायला आलेल्या एका बाईनं घोडीकडं बघून मान हलवली, तेव्हा आई उठून घोडीला दाणा घालायला गेली. दुसऱ्या दिवसापासून तीच घोडीला शेतापर्यंत नेते; वर बसत नाही, शेजारून चालते.